बेताचे गुण आणि वैद्यकीय प्रवेश : शक्यतेचा हिशेब कसा मांडावा?



दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो. "एवढे गुण पडलेत, डॉक्टरकीला नंबर लागेल का?" विचारणाऱ्या मुलाच्या हातात नीटचे गुणपत्रक असते, आणि बरोबर आलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावर आशा आणि भीती दोन्ही असतात. पूर्वी आम्हीही अशा प्रश्नाला ऐकीव उत्तर देत असू. कोणाचा भाचा किती गुणांवर लागला, कोणत्या क्लासवाल्याने काय सांगितले, एवढ्यावर आमचे मत बने. त्या मताने काही मुलांची वर्षे गेली, काहींच्या घरचा पैसा गेला. म्हणून ह्या स्मरणिकेसाठी लिहिताना हा हिशेब पायरीपायरीने मांडावा असे आम्ही ठरविले. जो तो आपल्या घरी, आपल्या कागदावर तो करून पाहू शकेल.

पेढ्यांचा प्रसंग

२०२५ च्या निकालानंतर बावधनमधलाच एक मुलगा पेढे घेऊन आमच्याकडे आला. बारावीला साधारण साठ टक्के, आणि नीटला ७२० पैकी ११८ गुण. गुणपत्रकावर तो पात्र ठरल्याची नोंद होती. घरात आनंद झाला होता. त्याच संध्याकाळी कोणा एजंटाचा फोन आला, "मुलगा पात्र आहे, सीट करून देतो, मात्र लवकर सांगा." पौडच्या बाजूला घरची थोडी जमीन होती. वडिलांनी ती विकण्याची बोलणीही सुरू केली होती.

पेढा खाऊन आम्ही कागद पुढे घेतला. त्या दिवशी जो हिशेब केला, तोच आता सविस्तर सांगतो.

१. 'पात्र' म्हणजे 'प्रवेश' नव्हे

वैद्यकीय प्रवेशाला दोन वेगळ्या अटी आहेत. पहिली बारावीची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र ह्या तिन्ही विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० टक्के गुण लागतात. म्हणजे ३०० पैकी अनुक्रमे १५० व १२०. इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. बारावीचा उपयोग एवढाच. त्यात ६० पडले की ९० पडले, ह्यावर एम.बी.बी.एस.ची गुणवत्ता यादी ठरत नाही. तेव्हा बारावीला बेताचे गुण पडले म्हणून दार बंद झाले, असे कोणी समजू नये. मात्र १२० च्या जागी ११९ पडले तर नीटचे गुण कितीही असोत, उपयोग नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकाकडे व इंग्रजीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी अट नीटची. येथे 'पर्सेंटाइल' हा शब्द येतो आणि पुष्कळांची गफलत होते. खुल्या प्रवर्गाला ५० वे व अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गाला ४० वे पर्सेंटाइल लागते. ४० वे पर्सेंटाइल म्हणजे ४० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी चाळीसजण आपल्या मागे असणे, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ साली ही पायरी राखीव प्रवर्गांसाठी ११३ गुणांवर आली. ७२० पैकी ११३ म्हणजे सोळा टक्केही नव्हेत.

आता शेजारी दुसरे आकडे ठेवा. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुले परीक्षेला बसली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. साऱ्या देशात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे साधारण दहा पात्र विद्यार्थी. पात्रता ही रांगेत उभे राहण्याची परवानगी आहे. रांगेत आपण कुठे उभे आहोत, हे त्यावरून कळत नाही.

आमच्या पेढेवाल्या मुलाला ११८ गुण होते. पायरीपेक्षा पाच अधिक. तो रांगेच्या अगदी शेवटी उभा होता, हे त्या दिवशी घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

२. गुण पाहू नका, क्रमांक पाहा

गेल्या काही वर्षांत पात्रतेची पायरी कशी वरखाली झाली ते पाहा.

२०२१ : खुला १३८, राखीव १०८.
२०२२ : खुला ११७, राखीव ९३.
२०२३ : खुला १३७, राखीव १०७.
२०२४ : खुला १६२, राखीव १२७.
२०२५ : खुला १४४, राखीव ११३.

समजा, अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याला १२० गुण आहेत. २०२१, २०२२, २०२३ आणि २०२५ ह्या चारही वर्षी तो पात्र ठरला असता. २०२४ मध्ये मात्र त्याच १२० गुणांवर अपात्र. मुलगा तोच, अभ्यास तोच. बदलली ती प्रश्नपत्रिका आणि बरोबरची मुले. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही सतराजणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये पेपर अवघड गेला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ मिळाले. पायरीचे जे होते, तेच वरच्या साऱ्या यादीचे होते. म्हणून "गेल्या वर्षी अमक्याला इतक्या गुणांवर सरकारी कॉलेज मिळाले" ह्या वाक्याला यंदा काही किंमत नाही.

किंमत आहे ती क्रमांकाला. गुणपत्रकावर अखिल भारतीय क्रमांक छापलेला असतो. बसणाऱ्यांची संख्या आणि जागांची संख्या एका वर्षात थोडीच बदलते. त्यामुळे गेल्या वर्षी कोणत्या क्रमांकापर्यंत जागा गेल्या, ही माहिती यंदाही बऱ्याच अंशी लागू पडते. राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षाच्या प्रत्येक फेरीच्या निवड याद्या असतात. त्यांत महाविद्यालय, प्रवर्ग आणि विद्यार्थ्याचा अखिल भारतीय क्रमांक दिलेला असतो. आपल्या प्रवर्गात शेवटची जागा ज्या क्रमांकाला गेली, तो क्रमांक शोधून लिहून घ्यावा. पहिल्या फेरीचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, शेवटच्या फेरीचा वेगळा.

फार जुन्या याद्या मात्र घेऊ नयेत. महाराष्ट्रात २०१७ पासून सर्व एम.बी.बी.एस. प्रवेश नीटवर आले. त्या आधीचे आकडे राज्याच्या सीईटीचे किंवा त्याहून पूर्वी बारावीचे. शिवाय २०२० पर्यंत आपल्याकडे विभागवार ७०:३० चे सूत्र होते, ते त्या वर्षी रद्द झाले. पुढे नवी शासकीय महाविद्यालयेही निघाली. एकट्या ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक, जालना, अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली, गडचिरोली, अंबरनाथ व मुंबई अशा दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. म्हणून शेवटच्या दोन वर्षांच्याच याद्या पाहाव्यात.

३. आपल्या वाट्याची रांग ओळखा

देशाच्या रांगेतला क्रमांक कळला, पण जागा एकाच रांगेतून भरल्या जात नाहीत. शासकीय महाविद्यालयातल्या शंभर जागांचे उदाहरण घेऊ.

त्यांपैकी १५ टक्के, म्हणजे १५ जागा, अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समुपदेशन समिती भरते. त्यांत अनुसूचित जातीला १५ टक्के, म्हणजे साधारण दोन जागा. उरलेल्या ८५ जागा राज्याच्या. त्यांत अनुसूचित जातीला १३ टक्के, म्हणजे अकरा जागा. महिलांना त्यांत ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे अकरांपैकी साधारण तीन. मुलींनी हे तीनच आपले असे समजू नये. गुणवत्तेने अधिक मुली आल्या तर अधिक लागतात, तीन हा किमान आकडा आहे. तसेच अनुसूचित जातीचा विद्यार्थी आपल्या क्रमांकावर खुल्या जागेतही बसू शकतो. खुली जागा म्हणजे कोणा एका समाजाची जागा नव्हे.

राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी आणि अधिवास प्रमाणपत्र असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. बावधन-भूगाव परिसरात बाहेरून येऊन राहिलेली अनेक कुटुंबे आहेत. ज्यांची दहावी परराज्यात झाली, त्यांनी आपण कोणत्या रांगेत बसतो हे आधी माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

पुण्याच्या आसपासची महाविद्यालये पाहिली तर हा रांगांचा फरक चटकन कळतो. पुणे स्टेशनजवळचे बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४६ चे. तेथे एम.बी.बी.एस.च्या २५० जागा आहेत आणि त्या वर सांगितलेल्या दोन रांगांतून भरतात. बारामतीचे शासकीय महाविद्यालय २०१९ चे, तेथेही तीच पद्धत. पुणे महानगरपालिकेचे महाविद्यालय २०२२ साली शंभर जागांनी सुरू झाले. त्याचे शुल्क माहितीपुस्तिकेत स्वतंत्र पाहावे. नऱ्ह्याचे काशीबाई नवले व तळेगावचे मायमर ही खासगी महाविद्यालये. त्यांच्या बऱ्याचशा जागा राज्याच्या केंद्रीय फेरीतून जातात, राखीव जागाही त्यांत असतात. भारती विद्यापीठ, पिंपरीचे डी. वाय. पाटील, आणि आपल्याच मुळशी तालुक्यातले लवळे येथील सिंबायोसिसचे मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय ही अभिमत विद्यापीठांची. त्यांचे प्रवेश दिल्लीच्या समितीमार्फत होतात आणि तेथे अनुसूचित जातीचे आरक्षण नाही. लवळे बावधनपासून जवळ आहे. पण अंतर जवळ म्हणून प्रवेश जवळ, असे होत नाही.

४. क्रमांकांचे तीन गट

एवढे झाल्यावर एका कागदावर तीन रकाने आखावेत. आमच्या वर्गात आम्ही असे करतो. आपला क्रमांक गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या शेवटच्या क्रमांकापेक्षा चांगला असेल तर ते महाविद्यालय 'भरवशाचे'. पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या मध्ये असेल तर 'काठावरचे'. शेवटच्या फेरीच्याही पलीकडे असेल तर 'बाहेरचे'. किंचित पलीकडे असेल तर तेही काठावर धरतो, कारण जागा वाढू शकतात. पण दुपटीने पलीकडे असेल तर देवाची किंवा दैवाची वाट पाहात बसू नये.

पसंतीक्रम भरताना मात्र ह्या रकान्यांची भीती बाळगू नये. ज्या महाविद्यालयात खरोखर जायचे आहे ते वर, मग त्या खालचे. काठावरचे वर लिहिल्याने भरवशाचे हातचे जात नाही. यंत्रणा वरून खाली पाहात येते. जेथे जायची तयारीच नाही असे नाव मात्र लिहू नये. जागा मिळून नाकारली तर पुढच्या फेऱ्यांवर व अनामत रकमेवर परिणाम होऊ शकतो. हे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पानन् पान वाचावी. आम्ही ती मोठ्याने वाचतो. एकजण वाचतो, बाकीचे खुणा करतात.

५. कागदपत्रे हाही गुणच

येथे आम्ही एका मुलीची गोष्ट सांगतो. क्रमांकाने तिला राखीव जागा काठावर का होईना मिळण्यासारखी होती. जातीचा दाखला होता, पण जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. अर्ज उशिरा केला, त्यात आजोबांच्या कागदावरील नावातला फरक निघाला, आणि कार्यालयाच्या चकरांत फेरी निघून गेली. त्या फेरीत तिला राखीव जागेवर हक्क सांगता आला नाही. गुण होते, कागद नव्हता. आजही ती गोष्ट निघाली की आम्हांला आमचीच चूक वाटते. ती अकरावीत असतानाच आम्ही विचारायला हवे होते.

म्हणून अकरावीत प्रवेश घेतला की त्याच वर्षी वैधतेचा अर्ज करावा. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयामार्फत तो करता येतो, आणि बार्टीच्या ऑनलाइन प्रणालीत भरता येतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद, जमिनीचा जुना उतारा, जे असेल ते शोधून ठेवावे. पुष्कळांचे मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात असते. दिवाळीला गावी गेल्यावर हे काम करून यावे. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' अशी नोंद असते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना महाराष्ट्राने १९६० पासून सवलती दिल्या, आणि केंद्राने १९९० च्या घटना आदेशातील दुरुस्तीने अनुसूचित जातीत त्यांचा समावेश केला. मात्र अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो व त्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. तो वेगळा काढून ठेवावा.

मुळशी तालुक्यातल्या महसुली दाखल्यांचे मुख्यालय पौड. अधिवास, उत्पन्न हे दाखले आपले सरकार केंद्रातून मागता येतात. इतर मागासवर्गीय बांधवांनी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत पाहावी. नाव, आडनाव, आईचे नाव ह्यांची स्पेलिंगे दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्यावीत. एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रे करीत फिरण्यापेक्षा हे बरे.

६. पैशाचा हिशेब

शासकीय महाविद्यालयाचे शुल्क आवाक्यातले असते. अभिमत विद्यापीठात एम.बी.बी.एस.चे शुल्क बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. साडेचार-पाच वर्षांची बेरीज एक कोटीच्या घरात. नुसती नोंदणी करायची तरी दोन लाखांची अनामत. हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा पेढेवाल्या मुलाचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची जमीन विकून पहिल्या वर्षाचे शुल्कही धड भरले नसते. दुसऱ्या वर्षाला काय करणार होते?

शासनाच्या केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मात्र आधार आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची माफी, असे दोन मार्ग महाडीबीटीवर आहेत. खासगी महाविद्यालयातली जागाही केंद्रीय फेरीतून मिळाली असेल तर हा लाभ मागता येतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला आणि अभिमत विद्यापीठाला तो धरून चालू नये. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र असते. सेवा न केल्यास दहा लाख भरावे लागतात, हेही आधीच ठाऊक असावे.

"सीट करून देतो" म्हणणाऱ्यांविषयी एवढेच सांगतो. देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आज एम.बी.बी.एस.ची जागा समुपदेशनाबाहेर मिळत नाही. जो माणूस पैसे मागतो, त्याला पावती मागावी.

परदेशी जाण्याचा मार्गही एजंट सांगतात. तेथेही नीटची पात्रता लागतेच. २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम व त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता हवी. परत आल्यावर ३०० पैकी १५० गुणांची चाळणी परीक्षा आहे, आणि तीत बहुसंख्य मुले पहिल्या प्रयत्नात अडकतात. इंग्रजीची व मूळ विषयांची तयारी कच्ची असलेल्या मुलाला विमानात बसवून ती पक्की होत नाही.

७. दुसऱ्या वाटा आणि पुन्हा एक वर्ष

बाहेरच्या रकान्यात नाव आले म्हणजे सर्व संपले असे नाही. बी.डी.एस., बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. ह्यांच्या याद्या वेगळ्या लागतात आणि क्रमांक पुष्कळ पुढे जातात. बी.ए.एम.एस.लाही एम.बी.बी.एस.प्रमाणेच आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात. पशुवैद्यक आहे, त्याचे एक महाविद्यालय शिरवळला आहे. भौतिकोपचार आहे. नर्सिंगच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी असते. ह्या प्रत्येकाची मागच्या वर्षाची यादी काढून तेच तीन रकाने आखावेत. ही दुय्यम माणसांची कामे आहेत असा समज घरातून काढून टाकावा. ससूनच्या वॉर्डात एक रात्र काढलेल्या माणसाला परिचारिकेची किंमत सांगावी लागत नाही.

पेढेवाल्या मुलाचे दुखणे असे की त्याने नर्सिंगची सीईटी दिलीच नव्हती. अर्ज हिवाळ्यात भरायचे असतात, तेव्हा कोणी सांगितले नाही. निकालानंतर कळून काय उपयोग?

पुन्हा एक वर्ष द्यावे का? नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वरची वयोमर्यादाही आता राहिलेली नाही. त्यामुळेच हा निर्णय अवघड होतो, कारण थांबायला कोणी सांगत नाही. आम्ही तीन प्रश्न विचारतो. पहिला, काय चुकले ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का? दुसरा, जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविली तर आज गुण किती पडतात? तिसरा, ह्या वर्षाचा खर्च कोण करणार आणि धाकट्या भावंडांच्या वाट्याचे काय? पहिल्या प्रश्नाला "पेपर हार्ड होता" एवढेच उत्तर आले तर पुढचे वर्षही तसेच जाण्याचा धोका असतो.

गुणांची रीत पक्की समजली पाहिजे. १८० प्रश्न, भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. कोणी डोळे मिटून सर्व १८० प्रश्नांना खुणा केल्या तर सरासरीने ४५ बरोबर व १३५ चूक होतील, म्हणजे १८० उणे १३५, बरोबर ४५ गुण. ह्यावरून ११८ गुणांत खरी तयारी किती थोडी असते ते कळते, आणि सुधारायला जागा किती मोठी आहे तेही कळते. अर्धा पेपर जीवशास्त्राचा आहे. आमच्या मुलाने त्या ९० प्रश्नांपैकी ६० पक्के बरोबर सोडविले आणि ३० सोडून दिले, तर एकट्या जीवशास्त्रात २४० गुण होतात. तो ते मराठीतही सोडवू शकतो; मराठीसह तेरा भाषांत प्रश्नपत्रिका मिळते. अनुसूचित जातीसाठी बार्टीने व इतर मागासवर्गासाठी महाज्योतीने नीटच्या प्रशिक्षणाच्या योजना काढल्या आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

त्या मुलाने पुन्हा एक वर्ष अभ्यास करायचे ठरविले, पण अटी लिहून. एकच वर्ष. डिसेंबरपर्यंत सराव परीक्षेत अमुक गुण न आल्यास दुसऱ्या वाटेची तयारी. नर्सिंग व इतर सीईटीचे अर्ज वेळेत. जमीन विकायची नाही. कागदावर मुलाने व वडिलांनी सह्या केल्या. तो कागद आमच्या वर्गाच्या कपाटात आहे.

८. २८२ गुणांची गोष्ट

कमी गुणांच्या मुलाला धीर देताना पुष्कळजण बाबासाहेबांचे उदाहरण देतात. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. ही गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. "बाबासाहेबांनाही कमीच होते, तुझेही होईल," असे म्हणून आपण मोकळे होतो.

उरलेली अर्धी अशी. त्या वेळी चाळीतल्या लोकांनी अभिनंदनाची सभा घेतली, आणि त्या सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. पुढे इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा केळुसकरांनी खटपट केली व बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये अमेरिकेला जाताना बाबासाहेबांनी करारावर सही केली, तीत परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. म्हणजे गुण बेताचे होते, पण कोठे अर्ज करायचा हे जाणणारा एक माणूस होता. काय मिळणार आणि त्याबद्दल काय द्यावे लागणार, हे लिहिलेले होते. त्यानंतरचा रात्रंदिवसाचा अभ्यास तर सर्वांना ठाऊक आहेच.

आपल्या वस्तीत २८२ गुणांची मुले पुष्कळ आहेत. केळुसकर कमी पडतात. संस्थेच्या सभासदांनी एवढे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. ज्याला संगणकावर यादी शोधता येते त्याने यादी शोधावी. ज्याला तहसीलचे काम ठाऊक आहे त्याने एका मुलाबरोबर पौडला जावे. जो डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट झाला आहे त्याने एक रविवार द्यावा. आणि मुलाला खरे सांगावे. खोटी आशा दाखविणारा आणि "तुला जमणार नाही" म्हणणारा, दोघेही हिशेब न करताच बोलत असतात.

सरावासाठी

१) अनुसूचित जातीच्या विद्यार्थिनीला बारावीत तिन्ही विषय मिळून ३०० पैकी ११८ गुण आणि नीटला ४०० गुण आहेत. ती एम.बी.बी.एस.ला पात्र आहे का?

२) नीटमध्ये १०० प्रश्न सोडविले, ६० बरोबर व ४० चूक. गुण किती?

३) २०० जागांच्या शासकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातून अनुसूचित जातीला साधारण किती जागा? त्यांत मुलींसाठी किमान किती?

४) गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गात पहिली फेरी ९०,००० व शेवटची फेरी १,०५,००० क्रमांकावर थांबली, असे समजा. आपला क्रमांक ९८,००० आहे. कोणता रकाना?

उत्तरे : १) नाही, बारावीला दोन गुण कमी पडतात. २) २४० उणे ४०, म्हणजे २००. ३) १७० चे १३ टक्के, साधारण २२, त्यांत मुलींसाठी साधारण ७. ४) काठावरचे.

चौथ्या प्रश्नातले आकडे उदाहरणादाखल आहेत. त्या जागी आपले खरे आकडे घालून आणावेत. रविवारी सकाळी आम्ही वर्गात असतोच.